नवा राजवाडा आणि त्याचा राजा

(द्वितीय वर्ष, कला)

कोल्हापुरात पाहुणा आला की अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि नवा राजवाडा हा क्रम ठरलेलाच. आमच्या शिरोली एमआयडीसीत कामाला आलेला परगावचा कामगारही पहिल्या सुट्टीला पंचगंगेचा पूल ओलांडून शहरात येतो तो हेच पाहायला. रहदारीच्या गजबजाटात काळ्या घडीव दगडांची ती भव्य वास्तू आणि तिचा घड्याळाचा मनोरा पाहून मान आपोआप वर होते. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यकाराच्या आराखड्यानुसार 1877 मध्ये सुरू झालेले हे बांधकाम 1884 मध्ये पुरे झाले. त्या काळी त्यास सुमारे सात लाख रुपये लागले. आता तेथे संग्रहालय आहे. पाहणाऱ्यांची गर्दी पेंढा भरलेल्या वाघांपुढे आणि तलवारींपुढे होते. परंतु या वास्तूला मोठेपण आले ते राजर्षी शाहू छत्रपतींमुळे.

वाड्याचे काम चालू असता गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना वेडे ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले आणि 25 डिसेंबर 1883 रोजी तेथेच त्यांचा करुण अंत झाला. वाडा उभा राहिला, पण राजा उरला नाही. 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले व शाहू छत्रपती झाले. त्यांचा जन्म 26 जून 1874 चा. म्हणजे वयाला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी कारभार हाती घेतला.

इंग्रजांच्या छत्राखाली शोभेचा राजा होऊन राहणे सोपे होते. महाराज मात्र खेडोपाडी हिंडले. खेड्यातील मुलाला बुद्धी नसते असे नाही. त्याला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसते, हे त्यांनी ओळखले. म्हणून 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे निघाली. 26 जुलै 1902 रोजी, महाराज विलायतेत असतानाच, संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. 1906 मध्ये शाहू मिल निघाली. पाठोपाठ राधानगरीच्या धरणाची योजना हाती घेतली गेली.

1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. वरवर पाहता हे कठोर वाटेल. परंतु गरिबाच्या घरी खरा प्रश्न फीचा नसतो. मुलगा कामाला न गेल्यास बुडणाऱ्या मजुरीचा असतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे त्या एका रुपयामागचा विचार मला पुस्तकाबाहेरही समजतो.

दरबारच्या पागेत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. अस्पृश्यता राजाच्या स्वतःच्या चाकरवर्गातच होती! महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले. गंगारामांना नोकरीतून मोकळे करून हॉटेल काढण्यास पैसे दिले. एवढ्यावर न थांबता, भर रस्त्यात गाडी थांबवून ते त्या हॉटेलातला चहा स्वतः घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावीत. नुसता हुकूम काढून जे झाले नसते, ते त्या कपभर चहाने झाले. 1920 साली माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला, तोही याच वृत्तीतून.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. त्यानंतर त्यांचे स्मारक उभारण्यासाठी सर्वप्रथम धडपडले ते हॉटेलवाले गंगाराम कांबळेच. सात लाखांचा राजवाडा सरकारी देखरेखीखाली उभा राहिला. हे लहानसे स्मारक मात्र ज्याला हौदाचे पाणी नाकारले गेले, त्या माणसाच्या कृतज्ञतेतून उभे राहिले. राजाची थोरवी मोजायची तर माप कोणते घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.