जॉर्ज बूल

इंग्लंडमधील लिंकन या गावी जॉन बूल नावाचा जोडे शिवणारा एक कारागीर राहत असे. त्याचे चित्त आरीपेक्षा दुर्बिणी तयार करण्यातच अधिक रमे. साहजिकच धंदा बसत गेला. याच घरात २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्जचा जन्म झाला. लॅटिनचे पहिले धडे त्याने एका पुस्तकविक्याकडून घेतले. ग्रीक, फ्रेंच व जर्मन या भाषा मात्र तो आपल्या आपणच शिकला. सोळाव्या वर्षी कुटुंबाचा भार शिरावर येताच त्याने साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली आणि एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या शिक्षकास १८४४ साली रॉयल सोसायटीने पदक दिले, आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात तो गणिताचा पहिला प्राध्यापक झाला.

अरिस्टॉटलपासून चालत आलेले तर्कशास्त्र बूलने बीजगणिताच्या चिन्हांत मांडले. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एकेक अक्षर म्हणजे वस्तूंचा एकेक वर्ग होय. पांढऱ्या वस्तूंना ‘प’ व मेंढ्यांना ‘म’ म्हटले, तर ‘पम’ म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. सर्व वस्तू मिळून १ मानले, तर १ मधून ‘प’ वजा करताच पांढऱ्या नसलेल्या वस्तू उरतात. विधान असे समीकरणात बसविले की, त्यातील कोणत्याही एका वर्गाविषयी काय निष्पन्न होते, हे गणिताने काढता येते. सीनियर या अर्थशास्त्रज्ञाची संपत्तीची व्याख्या त्याने अशीच तपासली. हस्तांतर करता येणाऱ्या, मर्यादित पुरवठ्याच्या आणि सुख देणाऱ्या किंवा दुःख टाळणाऱ्या वस्तू म्हणजे संपत्ती, अशी ती व्याख्या. आता एखादी वस्तू सुख देते, हस्तांतरितही होते, परंतु संपत्ती ठरत नाही. तर तिचा पुरवठा मर्यादित नसलाच पाहिजे. व्याख्येत उघड न सांगितलेली ही गोष्ट समीकरण सोडविताच हाती येते.

१८५५ मध्ये त्याचा विवाह मेरी एव्हरेस्ट हिच्याशी झाला. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव हिमालयातील सर्वोच्च शिखरास दिले गेले, त्यांची ती पुतणी.

१८६४ च्या नोव्हेंबरात घरापासून कॉलेजापर्यंतची सुमारे तीन मैलांची वाट बूल भर पावसात चालत गेला आणि ओल्या वस्त्रांनिशीच त्याने व्याख्यान दिले. त्यातून जडलेल्या ज्वराने ८ डिसेंबर रोजी तो निवर्तला. वय अवघे एकोणपन्नास. मागे पत्नी व पाच मुली, धाकटी तर वर्षाचीही नव्हती.

१९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने विजेच्या खटक्यांच्या जोडणीस हेच बीजगणित लागू केले, आणि पुढे संगणकाची रचना त्यावर उभी राहिली. ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत ज्ञानेश्वरांविषयीचे, परंतु काव्य नसलेले ग्रंथ हवे असल्यास ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे जे शब्द योजावे लागतात, ते बूलच्याच गणितातले.