तीन काता, दहा वर्षे

कराटेच्या वर्गात मोठ्या उत्साहाने दाखल झालेले अनेक जण तीन-चार महिन्यांतच मागे फिरतात. त्यामागे दरवेळी दुखापत किंवा भीती असतेच असे नाही. पुष्कळदा कारण असते ते कंटाळ्याचे. तोच पवित्रा, तोच ठोसा, तीच वळणे आणि शिक्षकांचे तेच 'पुन्हा एकदा'. आपण पुढे सरकत आहोत की एकाच जागी उभे आहोत, हे कळेनासे होते. अशा वेळी आधुनिक कराटेचे जनक म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांचे चरित्र आठवावे. हा कंटाळा त्यांच्याही वाट्याला आला होता आणि तोही थोडाथोडका नव्हे.

फुनाकोशींचा जन्म १८६८ साली ओकिनावा बेटावरील शुरी या गावी झाला. ओकिनावा त्या वेळी र्‍युक्यू राज्याचा भाग होता. पुढे १८७९मध्ये जपानने ते राज्य आपल्यात विलीन करून घेतले. दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मलेले हे मूल इतके अशक्त होते की, ते फार काळ जगेल असे नातलगांना वाटत नव्हते. आजोळी लाडाकोडात वाढलेल्या या मुलाची पचनशक्ती कमकुवत होती आणि औषधी काढे पाचवीला पुजलेले होते. पुढे ज्याच्या नावाने हजारो तरुण मैदानात उतरणार होते, त्याच्या बालपणात बलोपासनेचे एकही लक्षण दिसत नव्हते.

शाळेत त्यांच्या वर्गात अंको आझातो या नामवंत कराटेतज्ज्ञांचा मुलगा होता. या मैत्रीतून आझातोंच्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडले. कराटेचा सराव त्या काळी उघडपणे होत नसे. त्यामुळे फुनाकोशी रात्री घराबाहेर पडत. चंद्रप्रकाश नसेल तेव्हा हाती कंदील घेऊन लांबचा रस्ता तुडवत आणि पहाटेच्या सुमारास परतत. हा तरुण रोज रात्री कुठे जातो, याविषयी शेजाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. तो वाईट वस्तीत जात असावा, असा तर्कही काहींनी केला. फुनाकोशींनी खुलासा केला नाही.

आझातोंच्या अंगणात जे घडे, ते आजच्या नवशिक्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. गुरू मंद दिव्याशेजारी ताठ बसलेले असत आणि शिष्य अंगणात एकच काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाच्या हालचालींची मालिका, पुनःपुन्हा करीत असे. गुरू फारसे बोलत नसत. पुन्हा कर, अजून थोडे, एवढाच आदेश मिळे. एक काता पूर्ण आत्मसात झाल्याशिवाय पुढची शिकवली जात नसे आणि त्यात महिनेच्या महिने जात. हे कंटाळवाणे होते, प्रसंगी अपमानास्पदही वाटे, हे फुनाकोशींनी वृद्धापकाळी लिहिलेल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद केले आहे. त्यांचे दुसरे गुरू अंको इतोसू यांचीही रीत हीच. 'तेक्की' नावाच्या केवळ तीन काता शिकण्यात फुनाकोशींची दहा वर्षे गेली.

त्या काळात ना परीक्षा होत्या, ना बेल्ट, ना प्रमाणपत्रे. आपली प्रगती मोजण्याचे कोणतेही साधन शिष्याच्या हाती नव्हते. कधीतरी गुरूच्या तोंडून निघणारा पसंतीचा एखादा शब्द, हीच काय ती कमाई. मात्र दोन-तीन वर्षे उलटल्यावर त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोटाच्या तक्रारी नाहीशा झाल्या होत्या आणि कृश देहात बळ आले होते. हा बदल एका रात्रीत झाला नव्हता, म्हणून तो होत असताना कोणाला दिसलाही नाही.

तरुण फुनाकोशींना डॉक्टर व्हायचे होते. वयाच्या अटीत बसावे म्हणून त्यांनी नोंदीतील जन्मवर्ष १८६८चे १८७० करून घेतले आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा उत्तीर्णही केली. पण डोक्यावरील पारंपरिक केशबंध कापल्याशिवाय प्रवेश मिळत नव्हता आणि घराण्याला ते मान्य नव्हते. ती वाट तिथेच खुंटली. पुढे १८८८च्या सुमारास शिक्षकाची नोकरी पत्करताना त्यांनी तो केशबंध कापलाच. तेव्हा वडील संतापले आणि आई रागाने माहेरी निघून गेली. त्यानंतर सुमारे तीन दशके त्यांनी शाळेत अध्यापन केले. तुटपुंज्या पगारात संसार चालविण्यासाठी त्यांच्या पत्नीने भाजीपाला पिकवला, कापड विणले. पतीचा सराव पाहून त्या स्वतःही काता शिकल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कराटेने ओकिनावातील शाळांमध्ये प्रवेश केला. विद्यार्थ्यांना झेपाव्यात म्हणून इतोसूंनी सोप्या काता रचल्या. 'हेइआन' या नावाने नवशिके आज ज्या काता शिकतात, त्या याच. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याची पहिली पायरी त्याच्यासाठी मुद्दाम बुटकी करून ठेवलेली आहे. फुनाकोशींना ती सोय नव्हती.

मे १९२२मध्ये शिक्षण मंत्रालयाने टोकियोत भरविलेल्या क्रीडा प्रदर्शनात कराटेची ओळख करून देण्यासाठी ओकिनावाने फुनाकोशींना पाठविले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान संस्थेत प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले. त्यांनी टोकियोतच राहून शिकवावे, असा आग्रह होऊ लागला आणि गावी परतण्याचा बेत लांबत गेला. पत्नी मात्र पूर्वजांच्या पूजेची जबाबदारी सोडून येण्यास तयार नव्हत्या. त्या ओकिनावातच राहिल्या.

पन्नाशी ओलांडलेला हा शिक्षक पुन्हा नवशिका झाला. ओकिनावी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात त्यांना लहानशी खोली मिळाली. बदल्यात ते पहारा देत, अंगण झाडत, बागेची निगा राखत. शिष्य मोजके होते. जेवणाचा खर्च कमी व्हावा म्हणून त्यांनी स्वयंपाक्यालाच कराटे शिकविण्यास घेतले. एकदा एक पत्रकार त्यांना भेटण्यास आला. अंगण झाडणाऱ्या वृद्धाला त्याने फुनाकोशी कुठे भेटतील, असे विचारले. तो वृद्ध आत गेला आणि ठेवणीतला पोशाख चढवून समोर येऊन उभा राहिला. पत्रकार चकित झाला.

१९२३च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाले आणि त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या छपाईचे साहित्यही नष्ट झाले. पोटासाठी त्यांनी एका बँकेत स्टेन्सिल कापण्याचे काम केले, पण शिकवणे थांबविले नाही. १९२४मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ सुरू झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या शिष्यांना पहिल्यांदा ब्लॅक बेल्टच्या श्रेणी दिल्या. स्वतः कोणत्याही बेल्टशिवाय शिकलेल्या माणसाने ती पद्धत कानोंच्या ज्युदोवरून कराटेत आणली.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, सत्तरीच्या आसपास, शिष्यांनी जमविलेल्या निधीतून त्यांची स्वतःची सरावशाळा उभी राहिली. 'शोतो' या त्यांच्या टोपणनावावरून तिला 'शोतोकान' म्हटले गेले. मात्र १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ती जळून खाक झाली. त्याच वर्षी त्यांचा मुलगा आणि प्रमुख साहाय्यक गिगो क्षयाने गेला. ओकिनावा युद्धात भाजून निघाले. निर्वासित होऊन क्युशू बेटावरील ओइता येथे आलेल्या पत्नीजवळ ते गेले, पण १९४७मध्ये तिनेही जगाचा निरोप घेतला. सारे गमावलेला हा ऐंशीच्या घरातील वृद्ध टोकियोला परतला आणि विखुरलेल्या शिष्यांना पुन्हा शिकवू लागला. २६ एप्रिल १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

कराटे म्हणजे आगीवरचे पाणी. आच काढली की ते निवणारच, अशा आशयाची शिकवण फुनाकोशी देत. ही आच फार मोठी असावी लागत नाही, ती रोजची असावी लागते. आझातोंच्या अंगणाकडे जाणारा तो अशक्त मुलगा दररोज रात्री काही फार मोठा निर्धार करीत नसावा. तो फक्त कंदील उचलून चालू लागे. तीन महिन्यांत कंटाळलेल्या नवशिक्याने आपल्यात गुण नाहीत, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याने उद्या ठरल्या वेळी वर्गात जाऊन उभे राहावे आणि तीच काता पुन्हा एकदा करावी.