शनीची कडी आणि गॅलिलिओ

प्रिय धर्मग्रामस्थहो,

शनीभोवती कडी आहेत, हे आज शाळेतले मूलही सांगते. ती प्रथम पाहणारा माणूस मात्र आपण काय पाहिले हे न कळताच देवाघरी गेला. तो म्हणजे गॅलिलिओ. हे नाव निघाले की आम्हा धर्मगुरूंना जरा अवघडल्यासारखे होते. म्हणूनच त्याची ओळख आपल्या पत्रिकेत व्हायला हवी.

गॅलिलिओचा जन्म 15 फेब्रुवारी 1564 रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील संगीतकार होते. लहानपणी तो काही काळ मठात शिकला. पुढे वैद्यकाचा अभ्यास सोडून गणिताकडे वळला आणि 1592 पासून 18 वर्षे पादुआच्या विद्यापीठात शिकवत राहिला. 1609 मध्ये त्याने स्वतः दुर्बीण तयार केली.

जुलै 1610 मध्ये त्याने ती शनीकडे वळवली. मधे एक मोठा गोळा आणि दोन बाजूंना दोन लहान गोळे दिसले. शनी तीन गोळ्यांचा आहे, असे त्याला वाटले. 1612 मध्ये पाहतो तर बाजूचे गोळे नाहीसे! तो चक्रावला, पण त्याने पाहणे सोडले नाही. 1616 मध्ये शनीला दोन कान असल्यासारखे दिसले. कोडे सुटले ते 1659 मध्ये. शनीभोवती सपाट, पातळ कडे आहे, असे हॉयगेन्स या शास्त्रज्ञाने दाखवले. ताट डोळ्यांच्या रेषेत धरले की त्याची नुसती कड दिसते, तसेच हे. मार्च 2025 मध्येही असेच झाले होते. हॉयगेन्सचा उलगडा झाला तेव्हा गॅलिलिओला जाऊन 17 वर्षे झाली होती.

मधल्या काळात दुःखद प्रसंग घडला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत मांडल्याबद्दल 22 जून 1633 रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने त्याला दोषी ठरवले, मत मागे घ्यायला लावले व नजरकैदेत ठेवले. दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणण्याचीही शिक्षा होती. त्याची व्रतस्थ मुलगी सिस्टर मारिया चेलेस्ते हिने ती स्वतःकडे घेतली. 1634 मध्ये तीही वारली. गॅलिलिओ पुढे आंधळा झाला आणि 8 जानेवारी 1642 रोजी श्रद्धावंत कॅथोलिक म्हणूनच मरण पावला. 31 ऑक्टोबर 1992 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या काळच्या ईशज्ञान्यांची चूक जाहीरपणे मान्य केली.

शनीविषयी गॅलिलिओचाही समज चुकला होता. पण त्याने तो समज कोणावर लादला नाही. तो पुन्हा पाहत राहिला. न्यायाधीशांना सारे कळले नाही, हा त्यांचा दोष नव्हे. अपुऱ्या ज्ञानावर त्यांनी एका माणसाचे तोंड बंद केले, हा दोष.

आज इतर ताऱ्यांभोवती 6000 हून अधिक ग्रह सापडले आहेत. त्यांनाही कडी असतील का, याचा शोध चालू आहे. ते इतके दूर आहेत की कडी थेट दिसत नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किती व कसा मंदावतो, यावरून अंदाज बांधतात. 10 मार्च 1977 रोजी युरेनसची कडी अशाच रीतीने सापडली. तामिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेनेही ती घटना टिपली होती. 2007 मध्ये एका दूरच्या ताऱ्याचा प्रकाश कित्येक दिवस मंदावलेला आढळला. कारण प्रचंड कडी असावीत, असे 2012 मध्ये सुचवले गेले. पण अजून खात्री नाही. शास्त्रज्ञ वाट पाहत आहेत.

बंधुभगिनींनो, शेजाऱ्याच्या घरातले, सुनेच्या मनातले, तरुण मुलाच्या गप्प बसण्यामागचे आपल्याला असेच अर्धवट दिसते. निकाल मात्र आपण लगेच देतो. निर्णय देण्याआधी पुन्हा एकदा पाहू या. सृष्टी आणि पवित्र शास्त्र एकाच देवाचे आहेत. सत्याला घाबरण्याचे आपल्याला कारण नाही.

प्रभू आपणा सर्वांना धीर आणि स्वच्छ दृष्टी देवो.

आपला धर्मगुरू