बीसीजी लस क्षयाशिवाय इतर आजारांपासूनही वाचवते का? डॉ. काल्मेत यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

भंडारा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाले, की घरी सोडण्यापूर्वी बाळाच्या डाव्या दंडावर एक लहानसे इंजेक्शन देतात. ती बीसीजीची लस. या नावातला ‘सी’ म्हणजे फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत आणि ‘जी’ म्हणजे त्यांचे सहकारी कामीय गेरँ. ही लस क्षयासाठी बनवलेली आहे. मग ती कुष्ठरोग, न्यूमोनिया किंवा करोनापासूनही वाचवते का? हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. काल्मेत यांचे आयुष्य समजून घेतले, तर त्याचे उत्तर सोपे होते.

सापाच्या विषाचा धडा

काल्मेत यांचा जन्म 1863 साली फ्रान्समधल्या नीस शहरात झाला. नौदलात डॉक्टर असताना, 1891 मध्ये त्यांनी व्हिएतनाममधल्या सायगाव येथे प्रयोगशाळा सुरू केली. तिथे नागदंशाने माणसे दगावत होती. काल्मेत यांनी जनावरांना नागाचे विष थोडे थोडे टोचून त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचे पहिले औषध तयार केले. धानाच्या बांधीत काम करणाऱ्या आपल्या लोकांना या औषधाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण हे एकच औषध सगळ्या विषारी सापांवर चालेल, असे काल्मेत यांना वाटत होते. तिथे त्यांचे चुकले. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. जॉर्ज लॅम्ब यांनी ते तपासले, तेव्हा घोणसाच्या विषावर ते निरुपयोगी ठरले. म्हणूनच आज आपल्याकडच्या औषधात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशा चारही सापांचा विचार केलेला असतो.

तेरा वर्षांची मेहनत

पुढे फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ यांनी गुरांच्या क्षयाचा जंतू बटाट्याच्या फोडींवर, बैलाच्या पित्तात वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी तो नव्या फोडीवर नेला. 1908 पासून 1921 पर्यंत असे 230 वेळा केले. पहिल्या महायुद्धात शहर शत्रूच्या ताब्यात असतानाही काम थांबले नाही. शेवटी जंतू इतका दुबळा झाला, की आजार न करता शरीराला फक्त ओळख देऊ लागला. 1921 मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस पहिल्यांदा पाजली. त्याची आई क्षयाने वारली होती. बाळ निरोगी वाढले.

1930 मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात लस दिलेली 70हून अधिक बाळे दगावली. तिथल्या प्रयोगशाळेत लशीत क्षयाचे जिवंत, घातक जंतू मिसळले गेले होते, हे चौकशीत सिद्ध झाले. दोष लशीचा नव्हता, पण काल्मेत यांना तो धक्का फार लागला. 1933 मध्ये त्यांचे निधन झाले.

क्षयापलीकडचा फायदा

लस घेतलेली बाळे इतर कारणांनीही कमी दगावतात, असे काल्मेत यांच्या हयातीतच दिसले होते. त्यावर संख्याशास्त्रज्ञांनी रास्त शंका घेतली: लस देणारी घरे मुळातच बाळाची अधिक काळजी घेत असतील तर?

आज आपल्याला एवढे माहीत आहे:

- कुष्ठरोग: काही प्रमाणात संरक्षण मिळते. दोन्ही जंतू एकाच कुळातले आहेत. तमिळनाडूतल्या चिंगलपेट इथे 1968 पासून झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर लशीचा उपयोग दिसला नाही, पण कुष्ठरोगापासून थोडे संरक्षण दिसले.
- इतर संसर्ग: लशीनंतर शरीरातल्या पहारा देणाऱ्या पेशी काही महिने जास्त सावध राहतात. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना त्याचा फायदा दिसला. दक्षिण भारतातल्या चाचण्यांत मात्र तसा फायदा मिळाला नाही.
- करोना: आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत लशीने संरक्षण दिले नाही.
- मूत्राशयाचा कर्करोग: सुरुवातीच्या अवस्थेत मूत्राशयात बीसीजी सोडून उपचार करतात. हा उपयोग सिद्ध झालेला आहे.

म्हणजे एका लशीचा फायदा दुसऱ्या आजारात होऊ शकतो. पण सापाच्या औषधासारखेच, प्रत्येक आजारासाठी तो वेगळा तपासावा लागतो.

तुम्ही काय करावे?

बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी द्या. राहून गेली असेल तर वर्षाच्या आत द्या. लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या गंभीर क्षयापासून ती चांगले संरक्षण देते. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, पिकतो आणि व्रण राहतो. त्याला औषध लावू नका, फोडू नका. व्रण उमटला नाही तरी पुन्हा लस लागत नाही. आईला किंवा घरात कोणाला क्षय असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

बीसीजी झाली म्हणून इतर लसी टाळू नका. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही सापडतात. अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर लहानपणी लस झाली होती म्हणून थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, आणि वेळेत उपचार घेतल्यास हातापायात विकृती येत नाही.