रंगीत पाण्याची रेघ

ओपीडीत एखाद्या फिकट दिसणाऱ्या तरुणीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, की कधी कधी हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये हलकीशी फुसफुस ऐकू येते. आम्ही तिला मर्मर म्हणतो. ‘हृदयात आवाज आहे’ एवढे कानावर पडताच सोबत आलेल्या आईचा चेहरा उतरतो. हा आवाज का येतो, हे समजायला ज्यांचे काम उपयोगी पडते ते डॉक्टर नव्हते. इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव ऑसबोर्न रेनॉल्ड्स.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्टला झाला. वडील धर्मगुरू आणि शिक्षक. यंत्रांची आवड मुलाला त्यांच्याकडूनच लागली. केंब्रिजला जाण्याआधी त्याने एका इंजिनिअरच्या हाताखाली उमेदवारी केली. १८६७ मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या २५व्या वर्षी, रेनॉल्ड्स मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी लग्न झाले. पण वर्षभरातच पत्नी वारली. पुढची अनेक वर्षे त्यांनी संशोधनात घालवली. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना जड जात. तरीही इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन त्यांच्याच वर्गात घडले.

१८८३ मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याच्या टाकीत काचेची आडवी नळी ठेवली आणि तिच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडली. वेग कमी असताना रंगाची रेघ नळीभर सरळ, दोऱ्यासारखी राहिली. वेग वाढवत नेला, तशी एका टप्प्यावर ती थरथरली, तुटली आणि सगळ्या पाण्यात मिसळून गेली. विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिले, तेव्हा तिथे भोवरे दिसले.

प्रवाह कधी बिघडेल, हे एकट्या वेगावर ठरत नाही, हे त्यांनी दाखवले. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाची घनता यांच्या गुणाकाराला द्रवाच्या चिकटपणाने भागायचे. येणारा आकडा म्हणजे आजचा रेनॉल्ड्स अंक. सरळ नळीत तो साधारण २००० च्या खाली असेल तर प्रवाह शांत राहतो. द्रव पाणी असो, तेल असो की रक्त, हिशेब तोच.

आपल्या बहुतेक रक्तवाहिन्यांत रक्त शांतपणे वाहते, म्हणून कोपराच्या घडीत स्टेथोस्कोप लावला तर काही ऐकू येत नाही. रक्तदाबाचा पट्टा आवळून हळूहळू सैल केला, की दबलेल्या धमनीतून रक्त झोताने निसटते आणि ठोके ऐकू येतात. धमनी पूर्ण मोकळी झाली, की पुन्हा शांतता. कोरोटकॉव्ह यांनी ही पद्धत १९०५ मध्ये मांडली. रेनॉल्ड्स निवृत्त झाले तेही त्याच वर्षी.

आता त्या मुलीकडे येऊ. हृदयाची झडप अरुंद झाली असेल, तर तेवढेच रक्त लहान वाटेने जाते. वाट अर्ध्या रुंदीची झाली, तर वेग चौपट होतो. म्हणजे अंक दुप्पट होतो. पण झडप निरोगी असूनही आवाज येऊ शकतो. रक्तक्षयात तांबड्या पेशी कमी होतात, रक्ताचा चिकटपणा घटतो आणि हृदय जोराने रक्त ढकलू लागते. भाजकातला चिकटपणा उतरला, गुणाकारातला वेग चढला; अंक दोन्ही बाजूंनी वाढतो. अशा वेळी हिमोग्लोबिन भरून आले, की आवाज बहुधा नाहीसा होतो.

म्हणून मर्मर सांगितली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. हिमोग्लोबिन तपासा आणि डॉक्टरांनी सुचवले तर इको करून घ्या. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी ही तपासणी टाळू नये.

१८९५ मध्ये रेनॉल्ड्स यांनी खवळलेल्या प्रवाहाचे गणित मांडले. सरासरी गती वेगळी आणि चढउतार वेगळे काढायची ती रीत आजही विमानांच्या रचनेत वापरली जाते. अखेरच्या वर्षांत मात्र त्यांची प्रकृती ढासळली. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची ती टाकी मँचेस्टर विद्यापीठात आजही जपून ठेवली आहे.