आबे फारिया : मनाचा अभ्यास करणारे गोव्याचे धर्मगुरू



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या नांदेडमध्ये आणि शेजारच्या लातूरमध्ये घरोघरी एकच चर्चा सुरू होते. डॉक्टर की इंजिनियर? क्लास कोणता लावायचा? होस्टेलचे काय? लातूर पॅटर्नने आपल्या भागातील कितीतरी मुलांना पुढे नेले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु या दोन रांगांत न बसणारी मुलेही आपल्या धर्मग्रामात आहेत आणि मिस्सानंतर त्यांच्या आईवडिलांची काळजी आमच्या कानावर येते. म्हणून या रविवारी एका अशा धर्मगुरूंची ओळख करून देत आहोत, जे आयुष्यभर कोणत्याच रांगेत बसले नाहीत. आज ज्याला संमोहनशास्त्र म्हणतात, त्याच्या पायाचा एक मोठा दगड त्यांनी बसवला.

जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी गोव्यात बार्देशमधील कांदोळी या गावी झाला. आईवडिलांचे पटले नाही. चर्चच्या परवानगीने ते विभक्त झाले. वडील काएतान वितोरिनो यांनी लग्नापूर्वी सोडलेला सेमिनरीचा अभ्यास पुन्हा हाती घेतला व ते धर्मगुरू झाले. आई रोजा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाल्या व पुढे त्या मठाच्या प्रमुखही झाल्या. असे घर असलेल्या मुलाबद्दल गाव काय बोलले असेल, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

१७७१ साली वडील या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन जहाजाने लिस्बनला गेले आणि तेथून रोमला. रोममध्ये शिकून १७८० मध्ये फारियांना गुरुदीक्षा मिळाली. ईशज्ञानाची डॉक्टरेटही त्यांनी मिळवली.

त्यांच्याबद्दलची एक आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन द्यायला ते उभे राहिले आणि समोरचे बडे लोक पाहून त्यांची वाचाच बसली. खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितले की ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी! भीती पळाली आणि प्रवचन उत्तम झाले. आपल्या माणसाने आपल्या भाषेत उच्चारलेल्या दोन शब्दांनी मनात एवढा बदल कसा झाला, हा प्रश्न म्हणे तेव्हापासून त्यांच्या मनात राहिला. कथा पदरची असेलही, पण त्यांच्या पुढील कामाशी ती चांगली जुळते.

त्या काळी पोर्तुगीज राज्यात गोव्याचा धर्मगुरू कितीही शिकला तरी वरची पदे युरोपियनांकडेच जात. या अन्यायातून १७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड म्हणून ओळखला जाणारा कट झाला. त्यात धर्मगुरूही होते. कट फुटला, धरपकड झाली, काहींना देहदंड झाला. संशय लिस्बनमधल्या फारिया पितापुत्रांवरही आला. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला निघून गेले आणि वर्षभरात तिथे फ्रेंच राज्यक्रांती पेटली. आबे हे नाव त्यांना तिथेच मिळाले. फ्रान्समध्ये धर्मगुरूंना आबे म्हणतात.

पॅरिसमध्ये तेव्हा मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या उपचारांचा बोलबाला होऊन गेला होता. उपचार करणाऱ्याच्या शरीरातून चुंबकासारखा अदृश्य प्रवाह निघतो व रोग्याला बरे करतो, असे त्याचे म्हणणे. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या समितीने असा प्रवाह नाहीच, हा केवळ कल्पनेचा परिणाम आहे, असा निर्णय दिला. या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. विद्वानांनी विषय मिटवला. पण कल्पनेने माणसाला झोप लागते, वेदना थांबते, तर ती कल्पनाच तपासायला नको का? मेस्मरचे शिष्य प्युसेगुर यांच्याकडून फारिया ही विद्या शिकले होते आणि त्यांनी नेमका हाच धागा धरला.

मार्ग सोपा नव्हता. १८११ मध्ये त्यांना मार्सेलमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले. वर्षभरातच नीम शहरात खालच्या पदावर बदली झाली. ते पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्ट १८१३ पासून क्लिशी रस्त्यावरील ४९ क्रमांकाच्या घरात दर गुरुवारी जाहीर प्रयोग करू लागले. प्रवेश फी पाच फ्रँक. ते समोरच्या माणसाला आरामात बसवत, डोळे मिटून झोपेचाच विचार करायला सांगत आणि मग मोठ्याने झोपण्याची आज्ञा करत. कित्येक जण खरोखर झोपत. त्या अवस्थेत साधे पाणी दारू म्हणून दिले तर नशा येई. सांगितलेली गोष्ट जागे झाल्यावरही मनावर काम करते, हेही त्यांनी टिपले.

आता इथे त्यांचे मोठेपण पाहा. माझ्यात दैवी शक्ती आहे, असे सांगून त्यांना अमाप पैसा मिळवता आला असता. आपल्याकडे जत्रेतले बाबा आणि जादूगार तेच करतात. फारिया मात्र प्रत्येकाला सांगत की माझ्यात काहीही नाही, कोणताही प्रवाह नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून. मी फक्त शब्द देतो. त्यांच्या सगळ्याच कल्पना टिकल्या नाहीत. ज्यांचे रक्त पातळ त्यांना ही झोप लवकर लागते, असे ते मानत, ते चुकीचे होते. पण मूळ मुद्दा खरा निघाला.

लोकांनी काय केले? चुंबकप्रवाह मानणारे चिडले, कारण त्यांचा धंदाच बुडत होता. विद्वान हसले. सैतानाचे काम म्हणून काही धर्मगुरूंनीही टीका केली. गव्हाळ रंग, परके उच्चार आणि त्यात अंगावर झगा; टिंगलीला एवढे पुरे होते. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांना भर सभेत फसवले आणि १८१६ मध्ये त्यांची खिल्ली उडवणारे प्रहसन रंगभूमीवर आले. प्रयोग बंद पडले. मुलींच्या एका संस्थेत चॅप्लेन म्हणून राहत त्यांनी आपला ग्रंथ लिहिला. तो १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपल्या नावापुढे पूर्वजांची ब्राह्मण जात छापली आहे. वर्णामुळे स्वतः अपमान सोसलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूने जातीचा आधार घ्यावा, हे आपल्याला मराठवाड्यात खटकते, आणि खटकायलाच हवे.

त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी ते वारले. मोंमार्त्र येथे त्यांना पुरले, पण थडग्यावर नावही नव्हते.

१८४३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर ब्रेड यांनी या विद्येला हिप्नॉटिझम हे नाव रूढ केले. पुढे फ्रान्समधील नान्सी शहरातील डॉक्टरांनी सूचनेवर आधारित उपचार सुरू केले, तेव्हा फारियांचे म्हणणे मान्य झाले. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे बोलताना, जबाबदार वैद्यकीय हातांत व नैतिक मर्यादा पाळून संमोहन वापरता येते, असे सांगितले. मात्र हौशी लोकांनी, मग ते धर्मगुरू का असेनात, त्यात पडू नये, असेही बजावले. दरम्यान अलेक्झांडर द्युमा यांनी आपल्या गाजलेल्या मॉन्ते क्रिस्तोच्या कादंबरीत फारिया हे नाव एका विद्वान कैद्याला देऊन ते जगभर नेले होते.

जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जाल, तेव्हा पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी थोडे थांबा. रामचंद्र पांडुरंग कामत या मडकईच्या शिल्पकाराने घडवलेला फारियांचा पुतळा तिथे १९४५ पासून उभा आहे. समोर एक स्त्री झोपेत कलंडते आहे आणि त्यांनी दोन्ही हात तिच्यावर उगारले आहेत. पाहणाऱ्याला वाटते, शक्ती त्या हातांतूनच वाहते आहे. मुले बरोबर असतील तर फारिया याच्या उलट काय सांगत होते, ते त्यांना तिथेच सांगा.