विश्लेषण : स्विच बंद, तरी इंजिन सुरूच! रेस कारचे कोडे आणि चार्ल्स केटरिंग

घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली रेस कार पहिल्यांदा सुरू होते. चाचणी म्हणून किल स्विच फिरवला जातो आणि इंजिन मात्र धडधडतच राहते. हौशी बांधणीकारांना हा अनुभव नवा नाही. स्विच खराब निघाला असे समजून तो बदलला जातो, पण दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो. अपघातानंतर बाहेरून स्विच फिरवणाऱ्या मार्शलसाठी आणि आत अडकलेल्या चालकासाठी हा दोष जिवावर बेतू शकतो. तो समजून घ्यायचा तर बॅटरी, इग्निशन, स्टार्टर आणि डायनॅमो यांना एका साखळीत बांधणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांच्या कामाकडे पाहावे लागते.

कोण होते केटरिंग?

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. दृष्टी अधू असल्याने त्यांचे शिक्षण मध्येच थांबले. त्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम केले. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातून १९०४ मध्ये ते विद्युत अभियंता झाले आणि डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने फिरवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसवली. मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर लहान मोटरकडूनही मोठा जोर काढता येतो, हे त्यांनी या कामात हेरले.

कोठारात काय घडले?

कंपनीतील त्यांचे वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांनी सुटे भाग मागवून आपल्या घरामागच्या कोठारात स्वतःची मोटार जोडायला घेतली होती. केटरिंग आणि काही सहकारी नोकरी सांभाळून तिथे रात्री राबत. त्या काळच्या बॅटरी इग्निशनमध्ये थरथरणारी कॉइल ठिणग्यांची सरबत्ती करी आणि कोरडी बॅटरी लवकर संपवी. केटरिंग यांनी दर वेळी एकच, पण जोरदार ठिणगी पडेल अशी रचना केली. पॉइंट जुळले की कॉइलमध्ये प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी स्पार्क प्लगला उच्च दाबाची वीज मिळते. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ही रचना स्वीकारली. १९०९ मध्ये केटरिंग आणि डीड्स यांनी ‘डेल्को’ ही कंपनी काढली.

हँडल कसे गेले?

मोटार सुरू करण्यासाठी तेव्हा पुढून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. वाहन उत्पादक बायरन कार्टर १९०८ मध्ये अशाच झटक्याने जखमी होऊन दगावल्याची हकीकत सांगितली जाते. लेलँड यांनी यावर उपाय मागितला. गल्ल्याच्या मोटरचा अनुभव केटरिंग यांच्या कामी आला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेल्या यंत्रणेत तेच मोटर-यंत्र इंजिन फिरवी आणि इंजिन सुरू झाले की डायनॅमो बनून बॅटरी चार्ज करी. त्याच विजेवर इग्निशन आणि दिवे चालत.

मग किल स्विच का फसतो?

याच साखळीमुळे. इंजिन सुरू झाले की विजेचे स्रोत दोन होतात : बॅटरी आणि आजच्या गाड्यांतील अल्टरनेटर. साध्या स्विचने फक्त बॅटरी तोडली, तरी अल्टरनेटर कॉइल आणि पेट्रोल पंपाला वीज देत राहतो.

दुसरा घोळ मॅग्नेटोशी होतो. मॅग्नेटो बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करतो, म्हणून त्याची वायर चॅसिसला टेकवून तो बंद केला जातो. बॅटरी इग्निशनमध्ये मात्र सर्किट तोडावे लागते. मॅग्नेटोचा स्विच इथे तसाच जोडला, तर बॅटरीचा पुरवठा थेट अर्थ होतो. मग फ्यूज उडतो किंवा वायर जळते.

दोष शोधायचा कसा?

किल स्विच फिरवूनही इंजिन चालत असेल, तर स्विचला जादा संपर्क आहेत का ते पाहावे. रेसिंगच्या सहा टर्मिनलच्या स्विचमध्ये एक जोडी बॅटरी तोडते, दुसरी इग्निशनचा पुरवठा तोडते आणि तिसरी अल्टरनेटरची उरलेली वीज रेझिस्टरमार्गे अर्थ करते. चालत्या इंजिनाची बॅटरी नुसती काढून चाचणी घेऊ नये. व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

चावी बंद करूनही इंजिन थांबत नसेल, तर चार्जिंगच्या इंडिकेटर दिव्यातून उलटा पुरवठा होतो का ते तपासावे. तिथे डायोड बसवून तो रोखता येतो. स्टार्टर फिरताना इंजिन पेटते, पण चावी सोडताच बंद पडते, तेव्हा जुन्या पद्धतीच्या कॉइलचा बॅलास्ट रेझिस्टर किंवा चावीचा ‘रन’ संपर्क तुटलेला असू शकतो. ठिणगीच नसेल, तर टेस्ट लॅम्प कॉइलच्या धन टोकाला लावावा. दिवा लागत नसेल, तर एकेक जोड मागे जात बॅटरीपर्यंत तपासावा. इंजिन आणि चॅसिस यांच्यातील अर्थिंगही पाहावे, कारण रंगावर कसलेला बोल्ट वीज नीट नेत नाही.

केटरिंग यांचा वारसा कसा आहे?

दुहेरी. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे ते १९४७ पर्यंत प्रमुख होते. १९२१ मध्ये त्यांच्या विभागात थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिसे मिसळून इंजिनाचा ठोका थांबवला. १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवणारे कामगार विषबाधेने मरण पावले, तरीही शिसेयुक्त पेट्रोल जगभर गेले. भारतात ते बंद व्हायला २००० साल उजाडले. ओझोन थराला घातक ठरलेला फ्रिऑन वायूही त्यांच्याच विभागाशी जोडलेला आहे. दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे त्यांचे निधन झाले. पॉइंटची जागा आता ट्रान्झिस्टरने घेतली आहे, पण पेट्रोलच्या बहुतेक मोटारींत ठिणगी आजही कॉइलमधला प्रवाह तोडूनच पडते.